न झालेले सासरे

डोंबिवलीला समुद्रकिनारा आहे असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं, आणि ते खोडून काढणं आमच्या घरात शेवटपर्यंत कुणाला जमलं नाही. बाबा गुहागरकडचे. गावाला समुद्र त्यांच्या मागच्या दाराशी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, डोंबिवली पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, आणि मग एका रविवारी भाजी आणायला म्हणून बाहेर पडलेले बाबा चालत चालत पार मोठागावच्या पुढे खाडीपर्यंत गेले. तिथे त्यांनी बोट बुडवून पाणी चाखलं. घरी येऊन ते आईला म्हणाले, "खारं आहे." आईने विचारलं, "भाजी कुठाय?" बाबा म्हणाले, "पाणी खारं आहे. भरती येते, ओहोटी येते, चिखलात खेकडे आहेत. लोक खाडी म्हणतात, म्हणू देत. समुद्र आपल्याला भेटायला इतका आत आलाय, आणि आपण त्याला ओळख दाखवायची नाही?" त्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं हे आईला शेजारणीकडून कळलं होतं, म्हणून तिने दिवसभर त्यांना ताकभातावर ठेवलं. बाबांना काहीही झालं नाही. तिथेच चुकलं, असं आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची.

बाबा कारखान्यात तपासनीस होते. यंत्रातून निघालेले व्हॉल्व्ह हातात घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे, बरे असतील ते इकडे ठेवायचे आणि वाईट असतील ते तिकडे, हे त्यांचं आठवडाभराचं काम. रविवारी हात रिकामे राहिले की त्यांना चैन पडत नसे, म्हणून त्यांनी किनारा तपासायला घेतला. रेतीबंदरापासून एका मोडक्या धक्क्यापर्यंतचा खाडीकाठ, दर रविवारी, ओहोटीला, चालत. पाण्याचा रंग बघायचा, वास घ्यायचा, भरतीने काय आणून टाकलंय ते बघायचं, कुणी तिवरं तोडली का, कुठल्या डंपरने बांधकामाचा राडारोडा ओतला का ते बघायचं, आणि सोमवारी जिथे फोन करायचा तिथे करायचा. याला त्यांनी 'किनारा पहारा' असं नाव दिलं होतं. पहाऱ्यात बाबांच्या जोडीला दामले बाई होत्या. त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर खाड्या काढल्या आणि खरी खाडी निवृत्त झाल्यावर पाहिली, त्यामुळे त्यांचा उत्साह दांडगा. पण वास सहन होत नसे, म्हणून त्या कापराची पुरचुंडी नाकाला लावून चालायच्या. आणि तिसरी मी. मी सातवीत असल्यापासून पहाऱ्यात होते, कारण माझं नाक तीक्ष्ण होतं. वासाचं खातं माझ्याकडे. बाबा धक्क्याजवळ थांबायचे आणि विचारायचे, "निलू, आज काय?" मी डोळे मिटून सांगायचे, "खाली कुजलेली अंडी. त्याच्यावर नेलपॉलिश. लांब कुठेतरी जळका रबर." बाबा समाधानाने मान हलवायचे. इतर मुली त्या वयात गाण्याच्या क्लासला जात होत्या.

चौथे बाळाराम भोईर. ते पहाऱ्यात नव्हते, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. ते काठावरच्या गावातले, त्यांच्या म्हशी बांधाजवळच्या गोठ्यात असायच्या, आणि आम्ही दिसलो की ते आम्हाला हसायला म्हणून सोबत चालू लागायचे ते थेट धक्क्यापर्यंत. "अवं, कचरा बघून कचरा कमी व्हतं काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. भरती कधी येणार हे आपल्याला वाऱ्यावरून कळतं, असा त्यांचा दावा. बाबांकडे वर्तमानपत्रात आलेल्या मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा असायच्या, त्यात ते डोंबिवलीपुरती आपल्या अंदाजाने भर घालायचे. दोघांचा दर रविवारी वाद व्हायचा आणि दोघंही चुकायचे. पाणी त्याला यायचं तेव्हा यायचं.

भरतीने काठाला लावलेल्या वस्तू बघत चाललं की डोंबिवलीकरांच्या घरात काय चाललंय ते कळायचं. देवांच्या फुटक्या तसबिरी, निम्मा सोफा, कुणाची तरी कवळी, आणि चपला. चपला नेहमी डाव्या पायाच्या. उजवी आम्हाला क्वचितच मिळाली. उजव्या चपला पलीकडे भिवंडीच्या काठाला लागत असाव्यात, असं दामले बाईंचं मत होतं आणि तिकडेही कुणीतरी असाच पहारा सुरू करावा, असं त्या कळकळीने म्हणायच्या. सगळ्यात जास्त मिळायचे ते फ्लेक्स. कुठल्या ना कुठल्या दादांच्या, भाऊंच्या वाढदिवसाचे. फाटके, पण चेहरे शाबूत. आम्ही ते चिखलातून ओढून काढायचो, गुंडाळायचो आणि बांधावर रचून ठेवायचो.

घरी आईने या सगळ्याला तोंड द्यायला एक पद्धत बसवली होती. मी तिला उलटं सोवळं म्हणायचे. खाडीवरून आलेल्या माणसाने घरात कशालाही शिवायचं नाही. आधी खाली सोसायटीच्या नळावर पाय धुवायचे, मग जिन्याने भिंतीला हात न लावता वर यायचं, मग गॅलरीतल्या वेगळ्या बादलीत खाडीचे कपडे टाकायचे. एवढं झालं की मात्र आई प्रसन्न व्हायची. रविवारी सकाळी आमच्या घरात घावन असायचे. बिडाच्या तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज, खालच्या गिरणीची घरघर, शेजारच्या जोशांच्या कुकरच्या शिट्ट्या आणि त्यातून बाबांचा आवाज: "आज पाण्याला हिरवी झाक आहे." आई घावन उलटत म्हणायची, "असू दे. चटणी घ्या." (आता तिथून मोठा पूल गेलाय आणि बिल्डर त्याच काठावर खाडी दिसते म्हणून महाग फ्लॅट विकतात. जाहिरातीत पाणी निळंशार असतं. बाबा असते तर ती जाहिरात त्यांनी आईसमोर धरली असती आणि नुसतं "बघ" म्हणाले असते.)

तर मी बीएस्सी होऊन एका लॅबमध्ये नोकरीला लागले आणि घरात माझ्या लग्नाचं सुरू झालं. पहिलंच स्थळ ठाण्याचं आलं, नौपाड्यातलं. पाध्ये. मूळचे वाईकडचे, वडील बँकेत अधिकारी, मुलगा समीर इंजिनियर, एकुलता एक. मध्यस्थ बाईंनी आईला सांगितलं होतं की माणसं फार वेळेची पक्की आहेत आणि मुलाच्या आईला टापटीप लागते. रविवारी सकाळी दहाचा कार्यक्रम ठरला. आईने पडदे धुतले, पोह्यांसाठी नारळ खवून ठेवला, आणि शनिवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या पौर्णिमेनंतरची मोठी ओहोटी आहे. आम्ही पहाटे जाऊन नऊच्या आत येतो."

"आम्ही म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे मी आणि निलू. एवढी मोठी ओहोटी, वासाचं कुणी बघायचं?"

आई म्हणाली, "उद्या तिला बघायला येतायत, तिने अंगाला कुजलेल्या अंड्यांचा वास घेऊन बसायचं का?" पण मलाही जायचं होतं. खरं सांगायचं तर दहा वाजेपर्यंत घरात साडी नेसून बसायची कल्पनाच मला नकोशी झाली होती. आम्ही गेलो.

त्या दिवशी खाडी कधी नव्हे इतकी मागे गेली होती. मैलभर चकचकीत काळा चिखल, त्यात उड्या मारणारे निवटे मासे आणि कडेला बगळे. आम्ही धक्क्याजवळ पोचलो आणि बघतो तर बाळारामकाकांची चंद्री ही म्हैस बांधावरून उतरून थेट चिखलात गेलेली, आणि पोटापर्यंत रुतलेली. ती अजिबात ओरडत नव्हती. शांतपणे रवंथ करत होती. ओरडत होते ते बाळारामकाका. "पानी आयलं की बुरंल वो माझी चंद्री!" ते चिखलात दोन पावलं जायचे आणि परत यायचे. बाबांनी त्यांना पाणी यायला अजून दोन तास आहेत असं सांगितलं. बाळारामकाका म्हणाले, वारा फिरलाय, अर्ध्या तासात येणार. मग आम्ही सगळे म्हैस कशी काढायची यावर बोलत बसलो. दामले बाईंनी तरफेचं तत्त्व सांगितलं. नऊ वाजून गेले हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

इकडे घरी काय झालं ते मला नंतर आईने सांगितलं. वेळेची पक्की माणसं दहाची वेळ गाठायला ठाण्याहून इतक्या लवकर निघाली की साडेआठलाच दारात उभी. पोहे भिजायचे होते. पाध्ये काका, काकू आणि समीर सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि काकांनी विचारलं, "मुलीचे वडील दिसत नाहीत?" आईला खोटं सुचेना. ती म्हणाली, "समुद्रकिनाऱ्यावर गेलेत. येतीलच." मग तिला जाणवलं की मुलगीही दिसत नाहीये, म्हणून तिने जोडलं, "तीही." काकू म्हणाल्या, "डोंबिवलीत समुद्रकिनारा?" आई म्हणाली, "आहे म्हणतात हे." नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. शेवटी पाध्ये काका उठले. म्हणाले, "चला, बघून तर येऊ. बसून तरी काय करायचं?" काकूंना ते पटलं नव्हतं, पण नवऱ्याला एकटं सोडायला त्या तयार नव्हत्या. आईने घाईघाईत केलेले पोहे मोठ्या डब्यात भरले, डिश घेतल्या, आणि अशी ती वरात रिक्षाने खाडीवर आली.

मी तेव्हा बाबांची जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कमरेला ओढणी घट्ट बांधून, चिखलात फ्लेक्स अंथरत होते. कल्पना माझीच होती. चंद्रीपर्यंत फ्लेक्सची वाट करायची आणि तिला त्यावरून चालवत आणायची. मागे वळले तर बांधावर आई उभी, हातात डबा. तिच्या शेजारी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसलेल्या बाई, पांढराशुभ्र शर्ट घातलेले गृहस्थ आणि मागे कुणीतरी उंच. आईच्या चेहऱ्यावरून कळलं की हे कोण. बाबांनी चिखलाचे हात जोडले. "या, या," ते म्हणाले, जणू दिवाणखान्यात उभे आहेत. "जरा म्हैस अडकली आहे."

पुढे जे झालं त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. पाध्ये काकांनी म्हशीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "आमच्या वडिलांकडे म्हशी होत्या," ते म्हणाले. "असं दुरून होत नाही ते. कासऱ्याला धरून नाकाशी उभं राहावं लागतं." त्यांनी बूट काढले, त्यात मोजे घातले, पँट वर केली आणि उतरले. काकू म्हणाल्या, "अहो, शर्ट नवीन आहे!" पण देशावरच्या चिखलात पाय रुततो, आणि खाडीचा चिखल पाय गिळतो. हे त्यांना कुणी सांगायच्या आत ते फ्लेक्स सोडून, जवळच्या वाटेने, चंद्रीच्या दिशेने झपाझप गेले. पाचसात पावलं छान गेले. मग गुडघ्यापर्यंत. मग एक पाय काढायला गेले आणि दुसरा मांडीपर्यंत गेला. "हलू नका!" बाबा ओरडले. "हला, हालत ऱ्हावा!" बाळारामकाका ओरडले. काकांनी दोघांचंही थोडं थोडं ऐकलं आणि कमरेपर्यंत गेले.

आणि तेव्हाच पाणी आलं. बाबांच्या हिशेबाच्या बरंच आधी, बाळारामकाकांच्या हिशेबाच्या बऱ्याच नंतर. आधी चिखलावरच्या बारीक ओहोळांतून चमकत आलं, मग सगळीकडून. चंद्रीच्या पोटाखाली पाणी शिरलं, तिने एकदा फुरफुर केलं, अंग हलवलं, आणि चिखल सैल होताच ती आरामात उठली, पोहल्यासारखी थोडी पुढे गेली आणि धक्क्याच्या उतरणीवरून वर येऊन कुणीतरी टाकलेले झेंडूचे हार खाऊ लागली. तिला वाचवायला आलेला माणूस मात्र तिथेच होता.

बांधावर गलका झाला. समीर दोर आणायला रस्त्याकडे धावला. बाबा चिखलात उतरायला गेले, पण त्यांचं वजन जास्त, दोन पावलांत तेही रुतायला लागले, त्यांना बाळारामकाकांनी मागे खेचलं. सगळ्यात हलकी मी. मी उरलेले फ्लेक्स पुढे सरकवत, पोटावर झोपून, कुणाकुणाच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून सरपटत काकांपर्यंत गेले आणि त्यांच्या काखेत हात घातले.

"काका, मागे रेला. खुर्चीत बसतो ना, तसे."

"खुर्ची असती तर बसलोच असतो," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू नीलिमा का?"

"हो."

"तुला बघायला आलो होतो."

"हो काका. बघा."

ते हसले, पण माझा दंड त्यांनी घट्ट धरला होता. पाणी त्यांच्या पोटाला लागलं होतं. मला वाटलं, यांना बोलतं ठेवायला हवं. त्या घटकेला डोक्यात दुसरं काही येईना. आठवडाभर आईने माझ्याकडून ज्या प्रश्नांची तयारी करून घेतली होती तेवढेच प्रश्न मला येत होते. मी विचारलं, "काका, शिक्षण काय झालंय तुमचं?"

त्यांनी चमकून पाहिलं. "बीकॉम. सेकंड क्लास."

"स्वयंपाक येतो?"

"चहा येतो. ही म्हणते पाणचट होतो."

"छंद?"

"छंद नाही गं. वडील गेले, बँकेत लागलो. नंतर कुणी विचारलंच नाही."

"पोहता येतं का?"

"नाही," ते म्हणाले, आणि हा प्रश्न विचारायला नको होता हे मला कळलं. ते माझ्या कानाशी, बांधावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "नीलिमा, मला भीती वाटतेय. हिला सांगू नकोस." मी म्हटलं, नाही सांगणार. कधीच सांगितलं नाही. आज लिहिते, कारण आता दोघंही नाहीत.

समीरला इतका उशीर का झाला, हे नंतर कळलं. तो रिक्षास्टँडवर जाऊन ओरडत होता, "समुद्रकिनाऱ्यावर माणूस अडकलाय, दोर द्या!" आईने त्याला तोच शब्द सांगितला होता ना. रिक्षावाले म्हणाले, "समुद्र? डोंबिवलीत? साहेब, सकाळ सकाळ लावून आलात का?" एकाने त्याला जुहूची बस सांगितली. शेवटी समीर जवळजवळ रडकुंडीला येऊन "खाडी! खाडी!" म्हणाला, तेव्हा तिघे जण रिक्षा ओढायचा दोर घेऊन धावत आले. दोर माझ्यापर्यंत फेकला, मी काकांच्या काखेखालून गुंडाळला, आणि बांधावरून सगळ्यांनी ओढलं. आईने ओढलं, कापराची पुरचुंडी टाकून दामले बाईंनी ओढलं, आणि मोतिया साडीचा पदर खोचून काकूंनी ओढलं. त्या आता शर्टाबद्दल बोलत नव्हत्या. "अहो, या हो, या हो बाहेर," एवढंच म्हणत होत्या. पाणी छातीला लागलं तेव्हा चिखलाने एक मोठा आवाज करून काकांना सोडलं. पँट मात्र ठेवून घेतली.

बांधावर काका पट्ट्यापट्ट्यांच्या हाफ पँटवर, फ्लेक्स गुंडाळून बसले. त्यांच्या छातीवर कुठल्याशा भाऊंना शुभेच्छा होत्या. मग आईने डबा उघडला. अशा वेळी काय करावं हे तिला ठाऊक होतं म्हणून नव्हे, तर हातात डबा होता म्हणून. काकांनी डिश घेतली, चिखलाच्या हाताने पोह्यांचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, नारळ ताजा आहे." रिक्षावाल्यांनीही पोहे खाल्ले. चंद्रीला राहिलेलं खोबरं मिळालं.

इतकं झाल्यावरही कार्यक्रम रीतसर व्हायला हवा, असा काकूंचा आग्रह. सगळे आमच्याकडे आले. उलट्या सोवळ्याच्या नियमाप्रमाणे पाध्ये कुटुंबाने सोसायटीच्या नळावर पाय धुतले. अख्खी सोसायटी गॅलरीत उभी होती. काका बाबांच्या आखूड लेंग्यात सोफ्यावर बसले. मी साडी नेसून आले. काकूंनी मला गाणं येतं का विचारलं. मी नाही म्हटलं. बाबा म्हणाले, "तिचं नाक फार चांगलं आहे." मग मला आणि समीरला बोलायला गच्चीवर पाठवलं.

समीर टाकीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "एक विचारू? मी सकाळपासून तिथे होतो. रिक्षावाल्यांना आणलं, दोर टाकला, ओढलं. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत."

मी तेव्हा बघितलं. दिसायला चांगला होता. भुवईवर सुकलेला चिखल होता. "सॉरी," मी म्हटलं, "लक्षातच आलं नाही."

"नाही, राग नाही हो," तो म्हणाला. "पण निदान बघायच्या कार्यक्रमात..." आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "मला वाटतं तुम्हाला आमचे बाबाच पसंत पडले."

"पडलेत," मी म्हटलं. ते खरंच होतं. जाताना त्याने हात पुढे केला, मी हातात हात दिला, आणि ते स्थळ तिथे संपलं.

स्थळ संपलं तरी नकार कळवायची रीत असते. पत्रिका जुळत नाही, असा मध्यस्थांचा फोन येतो. आम्ही त्या फोनची वाट बघत राहिलो, तो आला नाही. पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पाध्ये काका. पायात नवेकोरे गमबूट, हातात इस्त्री केलेला बाबांचा लेंगा. आईला लेंगा देत ते म्हणाले, "वहिनी, नकार आहे. वाईट वाटून घेऊ नका." आई म्हणाली, "नाही हो. या ना, चहा घ्या." काका बुटांकडे बघत म्हणाले, "चहा नंतर. ओहोटी चुकेल."

त्यानंतर ते दर रविवारी आले. पहाऱ्यात ते रंगाचं बघायचे, कारण बाबांना आता बारीक छटा दिसत नसत. बाळारामकाका त्यांना 'म्हशीवालं साहेब' म्हणायचे. सुरुवातीला काकूंचा फोन यायचा, "आमचे हे पोचले का? नकार दिलेल्या घरी दर रविवारी नवऱ्याला पाठवणारी महाराष्ट्रात मी एकटीच असेन." पुढे त्या त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवू लागल्या, आई उलट ओल्या नारळाच्या वड्या पाठवायची. दोघींचं काही पटत नसे, पण डबे कधी रिकामे गेले नाहीत. समीर बंगळुरूला गेला, त्याचं तिकडेच लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. तिथे कुणीतरी विचारलं, तुम्ही मुलाचे कोण? बाबांनी खरं ते सांगितलं, आणि आम्हाला जेवायला शेवटच्या पंगतीत बसवलं.

माझ्या लग्नाचं मात्र अवघड होऊन बसलं. बघायला येणारे लोक रविवारीच यायचे आणि रविवारी काका आमच्या सोफ्यावर असायचे. "हे कोण?" असं पाहुण्यांनी विचारलं की बाबा, ज्यांना व्हॉल्व्हबद्दलसुद्धा खोटं बोलता येत नसे, ते म्हणायचे, "हे निलूचे सासरे. म्हणजे, झाले नाहीत." पाहुणे एकमेकांकडे बघायचे. त्यात काका मुलालाच प्रश्न विचारायचे: पोहता येतं का, चिखलाचं काही वाटतं का. दोन स्थळं पोहे न संपवता उठली. आई रडकुंडीला आली. तिने काकांना स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, पुढच्या रविवारी येऊ नका." काका बरं म्हणाले. त्या रविवारी टिटवाळ्याचं स्थळ आलं. मुलगा प्रसाद, त्याचे वडील चित्रकलेचे शिक्षक, फार सौम्य माणूस. सगळं सुरळीत चाललं होतं. मीच मध्येच म्हटलं, "आज आमच्याकडे एक जण यायचे राहिलेत." आणि सगळी गोष्ट सांगितली, म्हशीपासून. आईने डोळे मिटून घेतले. प्रसादने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मग म्हशीचं काय झालं?" मला तेवढं पुरलं.

लग्न कल्याणला एका हॉलमध्ये झालं. पाध्ये काका आणि काकू पहिल्या रांगेत होते. व्याहीभेटीची वेळ आली. गुरुजी घाईत होते, त्यांना पुढचं लग्न गाठायचं होतं. त्यांनी माईकवरून पुकारलं, "मुलीचे सासरे पुढे या." काका खुर्चीतून उठले. इतकी वर्षं आमच्या घरात त्यांना तेच म्हणत आलो होतो, त्यांना त्यात वेगळं काही वाटलंच नाही. गुरुजींनी त्यांच्या हातात नारळ दिला. समोर बाबा शेला घेऊन उभे. दोघं एकमेकांसमोर आले, आणि मग बहुतेक दोघांच्याही लक्षात आलं, कारण दोघंही थबकले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. काकू मागून "अहो!" म्हणाल्या. माझे खरे सासरे स्टेजच्या पायरीवर हात अर्धे पुढे करून उभे होते. काका कानापर्यंत लाल झाले, नारळ परत द्यायला वळले.

माझ्या सासऱ्यांनी तो घेतला नाही. ते एक पायरी मागे सरले आणि बाबांना म्हणाले, "आधी यांचं होऊ द्या. यांचं राहिलंय वाटतं."

बाबांनी काकांना मिठी मारली. फोटोग्राफरने दोन फोटो काढले, आणि गुरुजींनी घड्याळात बघत दुसरा नारळ मागवला.